खडूच्या बाई

फोन वाजला तेव्हा मी पाहुण्यांच्या दुपारच्या चहासाठी गवती चहा कापत होते. मुरुडजवळ समुद्राला लागून आमचं घर आहे, त्यातल्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि शनिवारी दुपारी मला फोन घ्यायला हात रिकामा नसतो. पण ‘अनंतकाका दिघी’ असं नाव दिसलं म्हणून ओल्या हातानंच उचलला. “नयना, ताई गेली गं,” ते म्हणाले. “जेवली, हात धुतला, म्हणाली जरा पडते... ती उठलीच न्हाय.” मी काही बोलायच्या आत त्यांनी त्याच आवाजात विचारलं, “तिच्या ताटात थोडी कोळंबी राहिली होती, ती खडूनं खाल्ली. त्याला चालती ना?” ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्या बाई गेल्याचं मला आत्ता, या क्षणी कळलं होतं, आणि मी विचारलं, “सोललेली होती ना?” “व्हय, सोललेली होती.” “मग चालते.” एवढं बोलून झाल्यावर आम्ही दोघंही रडायला लागलो.

त्याला आता सहा आठवडे होतील. बाई म्हणजे प्रभावती गायकवाड. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिलं अक्षर त्यांच्यासमोर बसून गिरवलं, त्यातली मीही एक. पुढे माझं लग्न गावातच झालं आणि बाई माझ्या शेजारीण झाल्या, मधे फक्त एक कुडाचं कुंपण. पण म्हणून त्यांच्यासमोर पाय पसरून बसायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही. ताठ कणा, सुती साडी, उजव्या मनगटावर घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बाईंनी उलट त्यालाच चार प्रश्न विचारले असते. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना त्या एकच गोष्ट सांगायच्या, “पोर ढ नसतं, आपली पद्धत ढ असते.” हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षं निभावलं. मग नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात खडू त्यांच्या आयुष्यात आला.

ते कुत्र्याचं पिल्लू शाळेच्या मागच्या भिंतीतून वर्गात शिरलं, टेबलाखाली गेलं आणि खडूच्या खोक्यातले तीन खडू खाऊन त्यानं पांढरीशुभ्र ओकारी काढली. स्वतःही पांढरंच होतं, एक कान तेवढा तपकिरी. मुलांनी नाव तिथंच ठेवलं. निरोप समारंभात बाईंना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि घरी जाताना त्यांच्या पिशवीतून एक तपकिरी कान बाहेर डोकावत होता. “पंधरा दिवसांत याला वळण लावते,” बाई मला म्हणाल्या. मी ‘हो बाई’ म्हटलं. बाईंना दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती मला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही काढून पाठ टाचण लिहिलं. शिक्षकांना उद्याचा पाठ आदल्या दिवशी लिहून ठेवावा लागतो, तसंच. उद्दिष्ट : ‘बस’ म्हटल्यावर बसणे. साधने : सुक्या बोंबलाचे तुकडे. खडू ‘बस’ दहा मिनिटांत शिकला. बाईंचा चेहरा असा फुलला की मीही कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. पण दुपारपर्यंत खडूच्या लक्षात आलं, की बसल्यावर तुकडा मिळतो, आणि पुन्हा बसायचं तर आधी उठावं लागतं. मग तो डब्यासमोर जाऊन स्वतःच बसायचा, उठायचा, बसायचा, उठायचा, कवायतीसारखा... आणि प्रत्येक वेळी बाईंकडे बघायचा. सात तुकडे गेल्यावर बाईंनी डबा बंद केला. तेव्हा तो दोन पावलं लांब गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला. त्या दिवशीच्या टाचणात शेवटी बाईंनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्याने शिक्षिकेस शिकवले.’

‘ये’ हा शब्द तर तो कधीच शिकला नाही. म्हणजे त्याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता, फक्त त्यावर तो विचार करायचा. बाई अंगणातून हाक मारायच्या, तो नारळाखालून मान वर करून ऐकायचा, आणि सध्या तरी नको असं ठरवून मान खाली ठेवायचा. एकदा बाई दमल्या आणि पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायला लागल्या. दुसरी बातमी संपायच्या आत खडू येऊन पेपरवर बसला. बाईंनी मला हाक मारली. “कळलं का तुला? याला बोलवायचं असेल तर याच्याकडे दुर्लक्ष करायचं. असे तीन विद्यार्थी मला आयुष्यात मिळाले. त्यातली एक तू.”

माझ्या घराचा रस्ता त्यानं पहिल्या वर्षातच शोधला. फाटकाची कडी नाकानं वर करायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी कडीला दोरी बांधली, ती त्यानं चावून सोडली. वर आकडा लावला, तर त्यानं फाटकाखालची माती उकरली. सकाळी आठला पाहुणे नाश्त्याला बसले की हा पडवीत हजर. प्रत्येकापाशी जायचा, पुढचा पंजा द्यायचा आणि आम्लेट मिळेपर्यंत पंजा परत घ्यायचा नाही. खडू लठ्ठ व्हायला लागला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी लिहून माझ्या पडवीत लावली : ‘या कुत्र्याचा नाश्ता झालेला आहे.’ पाहुणे त्या पाटीशेजारी खडूला बसवून फोटो काढायचे आणि मग त्याला आम्लेट द्यायचे.

सकाळी वाळूत फिरायला दोघं निघाली की गाव बघायचं. किनाऱ्याच्या कोणत्या टोकाला जायचं हे खडू ठरवायचा. बाईंना उत्तरेला जायचं असेल तर तो दक्षिणेला तोंड करून बसायचा आणि वाळूतला दगड होऊन जायचा. शाळेत ज्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या आमच्या बाई वाळूत उकिडव्या बसून एका कुत्र्याला समजावत असायच्या, “हे बघ, काल तुझं ऐकलं. आज माझी पाळी.” त्या तेव्हा किती हसायच्या. वर्गात मी त्यांचे दात कधी पाहिले नव्हते.

बाईंचा एक सख्खा भाऊ दिघीला राहतो हे आम्हाला माहीत होतं. दिघी म्हणजे खाडीच्या पलीकडे. आमच्याकडून आगरदांड्याचा धक्का स्कूटरवर पंधरा मिनिटं, आणि तिथून फेरीबोटीनं जेमतेम तेवढंच. पण बाई कधी तिकडे गेल्या नाहीत आणि भाऊ कधी इकडे आला नाही. सात वर्षं. विषय निघाला की बाई उठून भांडी लावायला लागायच्या.

मग एका सकाळी माझ्या फोनवर त्यांच्या वहिनीचा, कुंदाकाकूंचा फोन आला. अनंतकाकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बरे होते, पण एसटीची ड्रायव्हरकी जन्मभर केलेला माणूस आता रोज जाऊन धक्क्यावर बसत होता. “फेरी आली की उठतात, माणसं उतरून गेली की परत बसतात,” काकू म्हणाल्या. “ताईंना सांग. पण मी सांगितलं असं सांगू नको.” मी तसंच सांगितलं. बाई लसूण सोलत होत्या. बराच वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “खडूला कुठं ठेवू?” “माझ्याकडे.” “तुझ्याकडे तो आम्लेट खाऊन मरेल. त्याला घेऊनच जायला हवं.” आणि थोड्या वेळानं, “पण त्याला बोटीची सवय नाही. आधी शिकवावं लागेल.”

नवी वही निघाली. उद्दिष्ट : बोटीत चढणे. रोज दुपारची कामं आवरली की मी स्कूटर काढायची. पुढे पाय ठेवायच्या जागेत खडू, कान वाऱ्यावर, मागे बाई एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं बोंबलाचा डबा धरून. पहिल्या दिवशी बोट लांबून दाखवली. दुसऱ्या दिवशी जवळून. तिसऱ्या दिवशी, गाड्या ज्या लोखंडी फळीवरून बोटीत चढतात तिच्यापर्यंत खडू ऐटीत चालत गेला, आणि तिथं चारी पाय रोवून उभा राहिला. चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी तसंच. बाईंनी टाचणात कारणं लिहिली : लोखंडाचा आवाज, इंजिनाचा वास. त्यांनी फळीवर गोणपाट अंथरलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून फळी कमी उताराची असेल अशी वेळ निवडली. घरी अंगणात पत्रा टाकून त्यावरून त्याला चालवलं, तर तो चालला आणि वर झोपलासुद्धा. धक्क्यावर मात्र फळीपाशी आला की थांबला. अकरा दिवस. तिकीट देणाऱ्यानं आम्हाला विचारणं सोडून दिलं होतं.

बोटीवर इब्राहिमचाचा म्हणून एक म्हातारे खलाशी होते, गाड्या कुठं लावायच्या ते दाखवायचे. अकरा दिवस ते आमचा तमाशा बघत होते. बाराव्या दिवशी जवळ आले. “बाई, एक बोलू? कुत्रा घाबरत नाय.” “मग का थांबतो?” बाईंनी विचारलं. “तुमी थांबता, मग तो थांबतो. दोरी बघा.” मी बघितलं. मी अकरा दिवस खडूच्या पायांकडे बघत होते, बाईंच्या हाताकडे नाही. दोरी ताणलेली होती, बाईंची मूठ आवळून पांढरी पडली होती, आणि त्यांची पावलं खडूच्याही एक पाऊल मागे होती. “मला द्या,” चाचा म्हणाले. गणित येतं असं सांगणाऱ्या पोराच्या हातात फळ्यावर लिहायचा खडू देताना बाईंचा जो चेहरा व्हायचा, तशा चेहऱ्यानं त्यांनी दोरी दिली. आणि खडू चाचांबरोबर शेपटी उंच करून, रोजचं येणं-जाणं असल्यासारखा, बोटीत चालत गेला.

बाई धक्क्यावर उभ्या होत्या. गाड्या चढून झाल्या होत्या, भोंगा वाजला. तेवढ्यात खडूनं एका मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीत तोंड घातलं आणि अख्खी पावाची लादी बाहेर काढली. “खडू. नाही. खाली ठेव,” बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, आणि तर्जनी रोखून तरातरा चालत फळीवरून आत गेल्या. मी स्कूटर तशीच टाकून मागून धावले. बाईंनी त्याच्या तोंडातून लादी काढली, मोटरसायकलवाल्याची माफी मागितली, खडूला दोन वाक्यं सुनावली आणि मान वर केली तेव्हा फळी उचलली गेली होती. धक्का आणि आमच्या मधे पाणी होतं. “निघालो का आपण?” त्यांनी विचारलं. “हो बाई.”

त्यांनी कठडा धरला. खडू त्यांच्या पायांवर बसला. “त्या दिवशी फेरी बंद होती, नयना,” त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, आणि सात वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांची आई अनंतकाकांकडे होती. ऐन जुलैत तिचं जास्त झालं. वादळी हवेमुळे फेरी बंद, बाई पिशवी घेऊन दुपारपर्यंत याच धक्क्यावर थांबल्या. पलीकडचा किनारा दिसत होता. मग गाडी करून खाडीला वळसा घालून निघाल्या, वाटेत झाड पडलेलं. पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. पावसाचं कारण सांगून वडीलधाऱ्यांनी घाई केली आणि अनंतकाकांनी ऐकलं. बाई घरात पाणीही न पिता त्याच गाडीनं परतल्या. “मला तोंड बघू दिलं नाही त्यानं,” त्या म्हणाल्या. “आणि मला वाटायचं, मी त्याला माफ करत नाहीये. खरं म्हणजे मला त्या धक्क्यावरून पुढे पाऊलच टाकवत नव्हतं.”

दिघीच्या धक्क्यावर अनंतकाका होते. फेरी लागली तसे उठले. चेक्सचा शर्ट ढगळ झाला होता, आजारपणात उतरले होते. माणसं उतरली, गाड्या उतरल्या, आणि मग बाई उतरल्या. दोघं समोरासमोर उभी राहिली. बाई “जय भीम” म्हणाल्या, काका “जय भीम” म्हणाले. काकांनी खडूकडे बघितलं. “चावतो काय?” “न्हाय,” बाई म्हणाल्या. आम्ही वर्गात ‘न्हाय’ म्हटलं की ज्या दहा वेळा ‘नाही’ लिहायला लावायच्या, त्या बाईंच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. “शिकवलाय त्याला. बस म्हण.” काका म्हणाले, “बस.” खडू बसला नाही. “न्हाय बसत हा.” “नीट म्हण. गाडी थांबवल्यासारखं काय म्हणतोस?” “बस रे बाबा.” “बाबा म्हणू नको, गोंधळतो तो.” सात वर्षांनंतर भेटलेली ती दोघं भावंडं भर उन्हात दहा मिनिटं एका कुत्र्याला बसवायचा प्रयत्न करत होती, आणि तो उभ्या उभ्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

आईचा विषय त्या दिवशी एकदाच निघाला, परतीच्या वेळी. “मी थांबायला पायजे होतं, ताय,” काका म्हणाले. बाईंनी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. “व्हय. थांबायला पायजे होतं,” त्या म्हणाल्या. मग पदरानं चष्मा पुसला. “पुढच्या रविवारी येते. कुंदाला सांग, भाकरी कर. खडूला तिची भाकरी आवडली.”

त्यानंतरची तीन वर्षं बाई महिन्यातून दोनदा तरी दिघीला असायच्या. बोटीत सगळ्यात आधी खडू चढायचा आणि कठड्याची ठरलेली जागा धरायचा. तिथल्या वाडीत त्यांना गायकवाड बाई म्हणून कोणी ओळखत नव्हतं, त्या ‘खडूच्या बाई’ होत्या, आणि हे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात पण फार खुशीत सांगितलं होतं. खडूला कसं शिकवावं यावरून भाऊबहिणीत दर वेळी भांडण. काकांची पद्धत ड्रायव्हरची, तोंडानं हॉर्न वाजवायचा. बाईंची पद्धत टाचणाची. खडू दोघांचंही ऐकायचा नाही आणि दोघांच्याही ताटातलं खायचा. “त्याला तुझा स्वभाव लागलाय,” काका म्हणायचे. “माझा लागला असता तर वेळेवर उठला असता,” बाई म्हणायच्या.

त्या शनिवारी पाहुण्यांना घरच्यांवर सोपवून मी संध्याकाळच्या फेरीनं गेले. बाई झोपल्यासारख्याच दिसत होत्या, कपाळाला एक आठी, कोणाची तरी वही तपासताना पडायची तशी. खडू खाटेखाली होता. काकांनी हाक मारली, काकूंनी भाकरी दाखवली, तो हलेना. मी खाली जमिनीवर बसले, तिथला पेपर उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले... हवामान, बाजारभाव, काय येईल ते. थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि पेपरवर बसला. दुसऱ्या दिवशी बाईंना नेण्याआधी आम्ही सगळ्यांची वाट बघितली. लांबचे विद्यार्थी, कोण पुण्याचं, कोण पनवेलचं. दोघं-तिघं राहिलेत असं कोणी म्हटलं की काका म्हणायचे, “येऊ दे सगळी. घाई न्हाय.” शेवटचा माणूस येईपर्यंत त्यांनी कोणाला उठू दिलं नाही.

जलदान विधीला मंडप अपुरा पडला. इब्राहिमचाचा मागच्या रांगेत बसले होते. बाईंबद्दल चांगलं बोलायला बरेच जण उठले आणि जवळपास प्रत्येकाचं बोलणं खडूवर जाऊन हसण्यात संपलं. बाईंना ते आवडलं असतं की त्यांनी सगळ्यांना ‘विषय सोडून बोलू नका’ म्हटलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खडू आता काकांकडे असतो. बाईंच्या घराची चावी माझ्याकडे आहे, आणि दर रविवारी काका त्याला घेऊन फेरीनं येतात, आम्ही खिडक्या उघडतो, झाडलोट करतो. त्यांच्या पडवीत एक सागवानी खुर्ची आहे. तिचा पुढचा उजवा पाय खडूनं लहानपणी दोन बोटं चावून काढलाय. मी एकदा सुतार घेऊन गेले होते, बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. नवा पाय लावला तर हा तोही खाईल, मीच जरा कलून बसते, म्हणाल्या. आणि सगळं आयुष्य ताठ बसलेल्या बाई त्या खुर्चीत डावीकडे कलून बसायच्या, पेपर वाचायच्या, हाक मारायच्या, डुलकी काढायच्या. गेल्या रविवारी झाडून झाल्यावर काका तिच्यात टेकले आणि खुर्ची एकदम उजवीकडे झुकली. मी म्हटलं, “काका, ती तशीच आहे. दुरुस्त करून घेऊ का आता?” त्यांनी पायाकडे वाकून बघितलं, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग सरकले आणि डावीकडे कलून बसले, मान थोडी तिरकी, एक हात मांडीवर. मला बघवेना, म्हणून मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तर खडू खुर्चीपाशी आडवा पडून मन लावून पुढचा डावा पाय चावत होता. “अहो काका, बघा तो काय करतोय,” मी म्हटलं.

काकांनी खाली बघितलं आणि चहाचा कप हातात घेतला.

“करू दे,” ते म्हणाले. “दोन्ही सारखे झाले की खुर्ची हलायची न्हाय.”